मालनताईंच्या दाढेचा खड्डा

“एवढं सुबक काम केलं, सर, त्याचा पुरावा वेगळा द्यायचा?”

निनाद तणतणत टिळेकर सरांपुढे उभा राहिला. मिरजेतल्या सरांच्या दवाखान्यात तो दात बघतो. हात सोन्याचा, पण मिजास विचारू नका.

विमा कंपनीनं मालनताईंचा क्लेम पुन्हा परत पाठवला होता. मागच्या दाढेत दाताच्या रंगाचं सिमेंट कशाला, चांदी चालली नसती का, आणि मुळात कीड होती कशावरून? तेच ते प्रश्न. उत्तरं धाडायला मी, कारण दवाखान्याचे कागद माझ्याकडे. माझं तर डोकं उठलं होतं.

मालनताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. बिल भरलं ते बहिणीकडून उसने घेऊन, आणि आता बहीण रोज फोन करते.

सरांनी केसपेपर मागितला. निनादनं त्यावर एकच ओळ लिहिली होती, खालची उजवी दाढ भरली. सोबत भरून झाल्यावरचा फोटो. त्यात दाढ अशी, की जणू जन्मात कधी किडलीच नव्हती.

“आधीचा फोटो?”

किडक्या दाढेचा काय फोटो काढायचा, असं निनादचं म्हणणं. एक्स-रेही नाही. डोळ्यांना दिसत होतं म्हणे. मी कपाळावर हात मारला. किती वेळा सांगितलं होतं या बाबाला! पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

सर उठले. पेशंटच्या खुर्चीत जाऊन आडवे झाले. गेल्या वर्षी त्यांचीही एक दाढ निनादनंच भरली होती.

“शोध,” ते म्हणाले आणि आ केला.

निनादनं दिवा ओढला, आरसा आत घातला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, हवा मारून दाढा वाळवून पाहिल्या. मग त्याचा चेहरा खुलला.

“सापडत नाही, सर.”

सरांनी तोंड मिटलं.

“म्हणजे भरलीच नाहीस.”

“असं कसं, सर? मी स्वतः...”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मुद्दामच दुसरीकडे बघत राहिले.

मालनताईंच्या सिमेंटची शेड कोणती घेतली होतीस, सरांनी विचारलं. ती त्यानं नंबरासकट घडाघडा सांगितली.

“आणि खड्डा केवढा होता?”

“होता, सर... म्हणजे... बऱ्यापैकी...”

सरांनी चूळ भरली, तोंड पुसलं.

“बाहेर जा, त्यांना विचार. त्यांची जीभ रात्रंदिवस त्यातच असायची.”