कान्याचे घर

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध मास्तर राहत असत. त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवले नव्हते, तरी सारे गाव त्यांना मास्तरच म्हणे. पन्नास वर्षे त्यांनी छापखाना चालवला होता आणि शिशाचे खिळे एकेक करून जुळवत अक्षरांच्या ओळी उभ्या करण्याची विद्या पाच-पन्नास जणांना दिली होती. छापखाना बंद पडून बरीच वर्षे लोटली होती. तरीही मास्तर रोज सकाळी दहाला कुलूप काढत, खिळे ठेवायच्या लाकडी केशींवरची धूळ पुसत आणि बाराला पुन्हा कुलूप लावत. कुणी विचारले, की आता हे कशासाठी, तर म्हणत, सवय आहे. माणसाला काहीतरी सवय असावी लागते.

त्या खोलीत अजून शाईचा आणि रॉकेलचा वास होता. हेमलता उंबरा ओलांडून आत आली, की पहिल्यांदा तो वास घेई आणि मग बोलायला सुरुवात करी. सोळाव्या वर्षी ती इथे जुळणी शिकायला आली होती. केस म्हणजे उथळ लाकडी खाना, त्यात लहानमोठी घरे आणि प्रत्येक घरात एका अक्षराचे खिळे. कुठल्या घरात काय आहे हे तिच्या हाताला महिन्याभरात इतके पाठ झाले, की लग्नसराईत ती शेजारणीशी गप्पा मारत गुलाबी पत्रिका जुळवून टाकी. पत्रिकेत नवऱ्या मुलाचे नाव कधी चुकले नाही. गप्पांमध्ये मात्र कुणाचे काय चुकले याची चर्चा भरपूर होई. तिला ते दिवस फार आठवत.

छापखाना बंद झाल्यावर मास्तरांनीच तिला संगणकाच्या क्लासला पाठवले होते. तेव्हापासून ती घरीच अक्षरजुळणी करी. पत्रिका, पतपेढीचे अहवाल, एखाद्या हौशी माणसाचे आत्मचरित्र, असे काही ना काही येत राही. पण यंदा तिच्याकडे आयुष्यातले सर्वांत मोठे काम चालून आले होते. शेजारच्या गावच्या एका निवृत्त शिक्षकांनी तीस वर्षे हिंडून त्या नदीच्या खोऱ्यातले जुने शब्द गोळा केले होते. कुंभारांचे, कोळ्यांचे, सुईणींचे, चुलीपुढच्या बायकांचे. चारशे पानांचा कोश होणार होता. गुरुजींचे वय झाले होते आणि तो आपल्या डोळ्यांदेखत व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती. पाच महिन्यांत झाला तर हेमलतेच्या हातून, नाहीतर काम शहरात जाणार, असे प्रकाशकाने स्पष्ट सांगितले होते. ते गेले असते तर तिलाही कापडदुकानात कॅशवर बसण्यावाचून मार्ग नव्हता. दुकानदाराने दोनदा विचारूनही झाले होते.

आणि नेमका तिचा जुना संगणक शेवटच्या घटका मोजत होता. तो सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होई. एका दुपारी वीज गेली, तेव्हा त्याने कोशाची अकरा पाने गिळली आणि ढेकरही दिला नाही. नवा घेणे भाग होते. पै पै करून साठवलेले पंचेचाळीस हजार रुपये तिच्याजवळ होते. ते एकदाच खर्चता येणार होते. चूक झाली तर दुसरी संधी नव्हती.

आठवडाभर दुकाने पालथी घालून आणि फोनवर तरुण मंडळींचे सल्ले ऐकून तिने एक यादी केली व ती घेऊन मास्तरांकडे आली. मास्तरांना संगणकातले ओ की ठो कळत नव्हते, हे तिलाही ठाऊक होते. पण लग्नापासून गॅसच्या शेगडीपर्यंत त्यांना विचारल्याशिवाय तिने काही ठरवले नव्हते, मग आजच का अपवाद करायचा?

मास्तरांनी चष्मा लावून यादी वाचली आणि प्रत्येक वस्तू काय काम करते ते विचारून घेतले. तिने सांगितले. सर्वांत महागडे होते ते ग्राफिक्स कार्ड. ते असले की मोठमोठे खेळसुद्धा झरझर चालतात आणि पुढची दहा वर्षे बघायला नको, असे दुकानदार म्हणाला होता. त्याखालोखाल काचेचे कॅबिनेट, आतून रंगीत दिवे लागणारे. ते दोन्ही धरल्यावर पैसे संपत आले, म्हणून रॅम जेमतेम. पाने साठवायला जुन्याच संगणकातली हार्ड डिस्क. पडदा जुनाच, कडेने पिवळा पडलेला. कीबोर्ड दुकानदार फुकट देणार होता. वीज गेल्यावर संगणक तगवून धरणारा यूपीएस पुढच्या वर्षी बघू, असे तिने स्वतःच्या मनाने ठरवले होते.

मास्तरांनी यादीची घडी करून खिशात ठेवली. उद्या दहाला ये, म्हणाले, आणि कोशाचं पहिलं पान घेऊन ये. हेमलता मनातून चिडली. दुकानातली सवलत रविवारी संपणार होती आणि मास्तरांना कोशाचे पान हवे होते. पण त्यांच्यापुढे चिडण्याची तिला सवय नव्हती, म्हणून ती घरी गेली आणि भांडी जरा जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मास्तरांनी केस मांडून ठेवली होती. त्यांनी तिच्या हातात स्टिक दिली. खिळे ओळीने लावायची ती लोखंडी पट्टी हाताला लागताच तिचा अंगठा आपोआप जागेवर गेला. मास्तर म्हणाले, की पहिल्या पानाच्या दहा ओळी जुळव, मग यादीचे बोलू.

कितीतरी वर्षांनी ती केशीपुढे बसली होती. तिला एकदम भरून आले. भिंतीवरच्या खुंटीला तिचा जुना शाईचे डाग पडलेला एप्रन अजून होता. डोळे पुसून तिने पान वाचले आणि हात चालू केला. पहिला शब्द झाला. दुसऱ्या शब्दाला काना हवा होता. कान्याचे घर केशीच्या मध्यावर, सर्वांत मोठे आणि हाताच्या अगदी जवळ. मराठीत काना पावलोपावली लागतो, म्हणून त्याला तशी जागा असते. ती न बघता तिथे हात घालायची. आताही तिने न बघताच हात घातला आणि बोटांत आले वेलबुट्टीचे फूल.

तिने वाकून पाहिले. ते मोठे घर काठोकाठ नक्षीच्या खिळ्यांनी भरलेले होते. पत्रिकेच्या कडेला लावायची फुले, मोर, कोयऱ्या. शोधता शोधता काना सापडला तो वरच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या घरात, तोही मोजून पंचवीस. प्रत्येक कान्यासाठी उठून हात लांब करायचा. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तेही संपले. समोर ढीगभर मोर आणि कोयऱ्या होत्या आणि तिला एक शब्द पुरा करता येईना.

"मास्तर, ही केस कुणी भरली?" तिचा आवाज चढला. "ज्याला जुळणीतलं काही कळत नाही अशा माणसाचं काम आहे हे."

"मी भरली," मास्तर म्हणाले. "काल रात्री उशिरापर्यंत बसून, तुझ्या यादीवरून."

हेमलतेच्या हातातली अर्धी ओळ तशीच राहिली. मास्तरांनी खिशातून यादी काढली, तिच्यापुढे ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"केस केवढीही असू दे पोरी, तिच्यातली जागा ठरलेली. एक घर मोठं केलं की दुसरं लहान होतं. तुझे पैसे तसेच आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही, आयुष्यभर मला कधी मोठी केस मिळाली नाही. पण मोठं घर कुणाला द्यायचं हे आपल्या हातात असतं. ते दिवसभर ज्याची गरज पडते त्याला द्यायचं. जे बघायला येणाऱ्याला आवडतं त्याला नाही. तू दहा तास कुठं बघणार? पिवळ्या पडद्याकडे. बोटं कुठं ठेवणार? फुकटच्या कीबोर्डावर. आणि दिवा कशाचा लागणार? टेबलाखालच्या पेटीतला. मला संगणक कळत नाही, पण तुला काय लागतं ते मी सोळाव्या वर्षापासून बघतोय."

हेमलता म्हणाली, की ते खरे असेल, पण सगळे म्हणतात घ्यायचे तर दमदार घ्यावे, पुन्हा पुन्हा कुठे घेणे होते?

त्यावर मास्तर उठले आणि खोलीच्या मागच्या अंगाला गेले. तिथे खादीच्या जुन्या चादरीखाली एक मोठे यंत्र होते. हेमलता इथे काम करत होती तेव्हाही ते असेच झाकलेले असायचे. त्याविषयी विचारायची कुणाची छाती नव्हती. मास्तरांनी चादरीचे एक टोक उचलले. हिरवा रंग अजून चकचकीत होता.

"तू यायच्या आधी घेतलं हे. एका वेळी आठ पानं छापणारं. गाव बघायला आलं होतं. माझी होती नव्हती ती पुंजी यात घातली. मग एक पुस्तक आलं आणि कळलं, की माझ्याकडे खिळे चारच पानांचे आहेत. चार पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडवून पुन्हा केशीत टाकायचे, पुन्हा जुळवायचे. तोवर हे नुसतं उभं. चालायचं तेही अर्धं रिकामं. नवे खिळे घ्यायला पैसे उरले नव्हते. पुस्तक वेळेत होईना, म्हणून ते दुसऱ्या गावी छापलं गेलं."

त्यांनी यंत्रावरून एकदा हात फिरवला.

"माझ्या गुरूंचं पुस्तक होतं ते. ज्यांनी माझ्या हातात पहिली स्टिक दिली त्यांचं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. छापून आल्यावर पहिली प्रत मलाच आणून दिली. ते बोलले असते तर बरं झालं असतं. कामाचा वेग मशीनवर नसतो हेमे, जिथं वाट बघावी लागते तिथं तो ठरतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तरी मी ऐकलं नसतं. म्हणून तुला सांगितलं नाही, बसवून जुळवायला लावलं."

त्यांनी चादर पुन्हा नीट ओढली आणि तिच्या कडा सारख्या केल्या. मग हेमलतेने केस पुढे ओढली, नक्षीचे खिळे एकेक करून मोठ्या घरातून बाहेर काढले, मास्तरांनी कपाटातून आणून दिलेले काने त्या घरात भरले आणि उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या. दहावी ओळ झाल्यावर तिने यादी पालथी घातली व मागच्या कोऱ्या बाजूला नवी लिहायला घेतली.

पडदा मोठा आणि डोळ्यांना शांत वाटेल असा. कीबोर्ड स्वतः बडवून पाहून घेतलेला. पाने चटकन उघडणारी आणि जपून ठेवणारी एसएसडी. रॅम सोळा जीबी. प्रोसेसर मधल्या फळीतला, चित्रे दाखवण्याची सोय त्यातच असलेला. यूपीएस याच वर्षी. ग्राफिक्स कार्डावर आणि काचेच्या कॅबिनेटवर तिने काट मारली. दिव्यांवर काट मारताना मात्र हात किंचित रेंगाळला. खरे सांगायचे तर ते तिला आवडले होते.

मास्तरांनी वाचून मान डोलवली आणि एवढेच विचारले, की यात पुढे भर घालायची झाली तर जागा आहे का? प्रत्येक केशीत आपण एक घर रिकामे ठेवायचो, आठवते का? हेमलतेला आठवत होते. मजकुरात कुठले अनोळखी चिन्ह कधी येईल सांगता येत नाही, म्हणून ते घर. तिने सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डाची ओळ वाढवून पुढे लिहिले, की आणखी रॅम बसवायला खाच मोकळी हवी.

दुकानदाराला हे गिऱ्हाईक विचित्रच वाटले. तिने तीन पडद्यांसमोर बसून आपल्याच वहीचे पान वाचून पाहिले. पाच कीबोर्डांवर तोच एक परिच्छेद टंकला आणि चार नापसंत केले. ताई, एवढ्यात तर माझे दोन संगणक विकून होतात, असे तो म्हणाला. तिने हसून सांगितले, की मला एकच घ्यायचाय. शेवटी बिल पंचेचाळीसच्या आत बसले आणि टेबलाखाली एक काळी, दिवे नसलेली, अगदी साधी पेटी आली. शेजारीण बघायला आली आणि जुन्याच संगणकाला रंग दिला का, असे विचारून गेली.

काम सुरू झाले. उन्हाळ्यात वीज जायची तशी गेलीच. यूपीएस कुरकुरला, हेमलतेने शांतपणे पान जपून ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन आमटीला फोडणी दिली. साडेचार महिन्यांत चारशे बारा पाने झाली. गुरुजींनी कोश हातात घेतला आणि पहिले पान उघडून हेमलतेपुढे धरले. पहिल्या पानावर त्यांनी जुळणी करणारीचे नाव आपल्या नावाच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत घालायला लावले होते.

पहिली प्रत घेऊन हेमलता छापखान्यात आली. दहा वाजून गेले होते आणि मास्तर केस पुसत होते. त्यांनी हात पुसून प्रत घेतली, कागदावरून अंगठा फिरवला, वास घेतला. खिळ्यांनी छापलेल्या पानाला असतो तसा उठाव त्यात नव्हता. ते थोडे हिरमुसलेले दिसले. मग जुन्या दिवसांत काम संपल्यावर विचारत तसेच त्यांनी विचारले, "अडलीस कुठं?"

"यंत्रापाशी कुठंच नाही," हेमलता म्हणाली. "एकदाच अडले, 'ओचा' या शब्दापाशी. गुरुजींनी लिहिलंय, लुगड्याच्या पुढच्या बाजूला केलेली खोळ, जिच्यात बाया शेतातून काहीबाही आणतात. माझी आई भुईमुगाच्या शेंगा आणायची ओच्यात. दारातूनच हाक मारायची. किती वर्षं तो शब्द मी ऐकला नव्हता. मग तासभर मी नुसती बसून होते आणि संगणक माझी वाट बघत होता."

मास्तरांनी कोशाचे ते पान काढले. तो शब्द, त्याचा काना, त्यापुढचा दोन ओळींचा अर्थ पुन्हा पुन्हा वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते त्यांनी लपवले नाही.

"तिथं अडायलाच हवं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी कोश उचलला, मागच्या अंगाला गेले आणि त्या झाकलेल्या हिरव्या यंत्रावर तो अलगद ठेवला. तिथे आधीपासून एक जुने, कडा झिजलेले पुस्तक होते. हेमलतेला ते कुणाचे हे विचारावे लागले नाही.

आपल्यालाही जेव्हा थोडक्या पुंजीत काही निवडायचे असेल, तेव्हा कान्याचे घर कुणाला दिले आहे तेवढे एकदा वाकून पाहावे.