पुढची जागा

आभाळाखाली अजून एकही तार नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. करकोच्यांचा एक थवा दर हिवाळ्यात दक्षिणेकडं निघायचा. पुढं उडणाऱ्याला वाऱ्याचा मारा सोसावा लागतो, म्हणून ती जागा पाळीपाळीनं घ्यायची, अशी थव्याची रीत. पण तुरेबाज मुकादम झाला आणि रीत मोडली. तो स्वतः शेवटी, आडोशानं उडायचा आणि पुढं रोज सावळी नावाच्या तरुण करकोचीलाच धाडायचा.

एकदा वाटेतल्या तळ्यावर पोचायला उशीर झाला. तुरेबाजानं खापर सावळीच्याच माथी फोडलं आणि तिला उपाशी ठेवलं.

"गप्प बस बाई," म्हातारी करकोची कुजबुजली. "थव्याबाहेर काढलं तर घारी सोडणार नाहीत."

सावळीला ते ठाऊक होतं. तरी सकाळी निघताना ती मुकादमासमोर ताठ उभी राहिली.

"आज पुढं तुम्ही उडा. पाळी तुमची आहे."

"मला पाळी सांगणारी तू कोण? पटत नसेल तर चालती हो."

"बरं," म्हणून सावळी एकटीच उडाली.

वारा रोजच्यासारखाच अंगावर आला. मागं बघायचं तिला धाडस होईना. तेवढ्यात पंखांची ओळखीची सळसळ ऐकू आली. सगळा थवा मागं होता. सावळीच्या मागं उडायचं, एवढंच तर मुकादमानं त्यांना शिकवलं होतं.

म्हातारी तिच्याही पुढं गेली. "हो मागं, पोरी. आता माझी पाळी."

तळ्याकाठी तुरेबाज एकटाच उरला. वारा कुठून येतोय, हे आज त्याला स्वतःलाच बघावं लागणार होतं.