जांभळीतली माहेरवाशीण

सरका जवळ. गोधडी सगळ्यांना पुरेल, ओढाओढी नको. हं, ऐका आता.

एका राज्यात एक राजा होता, आणि राजापेक्षा त्याचा प्रधान मोठा होता. असं होतं कधीकधी, बरं का. राजा सिंहासनावर बसायचा आणि प्रधान राजाच्या कानाशी.

या प्रधानानं शेत पाहिलं होतं, पण गच्चीवरून. एकदा काय झालं, तो राजाला गच्चीवर घेऊन गेला आणि म्हणाला, "महाराज, बघा हे गचपण! प्रत्येक बांधावर झाड. झाडाची सावली पिकावर, पाखरं झाडावर, आणि आपलं धान्य पाखरांच्या पोटात. सगळी झाडं काढून टाकू. रान कसं सतरंजी अंथरल्यासारखं दिसेल. धान्य दुप्पट येईल."

राजानं विचारलं, "शेतकऱ्यांना विचारलंत?"

प्रधान म्हणाला, "महाराज, शेतातलं शेतकऱ्यांना काय कळतं?"

राजा हसला. इथंच चुकलं बघा. तिथे हसायचं नव्हतं.

मग गावोगाव दवंडी फिरली. "ऐका हो ऐका! ज्याच्या बांधावर झाड दिसेल, त्याचं शेत सरकारजमा!"

मग कुऱ्हाडी चालल्या. सावरी पडल्या, पांगारे पडले, हिरडे पडले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी झाडं लावली होती, त्यांनीच ती तोडली. करतील काय? शेत गेलं तर खायचं काय? झाडांच्या ढोलीत मधमाश्या राहायच्या. ढोली फुटल्या, मधाची पोळी मातीत पडली. माश्या घोळक्यानं उडाल्या आणि राज्यभर फिरत राहिल्या. बसायला फांदी नाही, शिरायला दार नाही.

आता त्याच राज्यात, डोंगराच्या कुशीत गवळदरा नावाचं गाव होतं. तिथे हौसा आणि तिचा नवरा धोंडू राहायचे. उतारावर त्यांचं इवलंसं शेत. थोडी वरी, थोडी नाचणी, मांडवावर भोपळ्याचे वेल, बांधावर शेवगा, करंज, आणि टोकाला एक जुनी जांभूळ. जांभळीच्या बुंध्यात हातभर ढोली. धोंडू स्वभावानं गरीब. हौसा मात्र तोंडाची अशी फटकळ, की गावात म्हणायचे, हौसाशी भांडायला जायचं तर आधी जेवून जावं, म्हणजे दम टिकतो.

दवंडी ऐकून धोंडूनंही कुऱ्हाड उचलली. जांभळीपाशी गेला. हात काही उठेना. इतक्यात आभाळातून गुणगुण आली. वर बघतो तर माश्यांचा मोठा घोळका! घोळका खाली उतरला, जांभळीभोवती फिरला आणि ढोलीत शिरला.

गवळदऱ्यात एक रीत होती. मोहोळ आपल्या पायानं कुणाच्या दारी आलं, की ती त्या घरची लेक. माहेरवाशीण आली म्हणायचे. मग घरची बाई तिची ओटी भरायची. माहेरवाशीण स्वतःहून जाईपर्यंत तिला कुणी ऊठ म्हणायचं नाही. आणि मध काढायचा तो तिच्या पुरता मागे ठेवून. लेकीच्या पुढचं ताट कुणी ओढतं का?

मग हौसानं मूठभर तांदूळ घेतले, नारळ घेतला. ढोलीपाशी ओटी भरली, बुंध्याला हळदकुंकू लावलं. आणि काय नवल! ढोलीतून राणीमाशी बाहेर आली, हौसाच्या बांगडीवर बसली आणि बोलायला लागली.

"आई, पुष्कळ फिरले. कुठे घर उरलं नाही. पोटात बाळं आहेत. राहू का गं?"

"राहू का?" हौसा म्हणाली. "माहेरी येऊन विचारतेस? आत जा, वारं लागेल."

राणीमाशी म्हणाली, "तू माझी ओटी भरलीस. मी तुझी भरीन."

धोंडूचा चेहरा उतरला. "अगं, पण शेत जाईल ना आपलं!"

"जाईल तेव्हा बघू. लेकीला दाराबाहेर काढून राखलेलं शेत मला नको."

मग पावसाळा सरता सरता पहिल्यांदा आला शिपाई. खांद्यावर कुऱ्हाड. "मावशी, बांधावरची झाडं राहिलीत, ही जांभूळसुद्धा. तोडायला आलोय."

"तोड की. पण आत माझी लेक बाळंत आहे. आधी तिला विचार."

शिपायानं बुंध्यावरचं कुंकू पाहिलं. तो त्याच डोंगरातला होता. रीत त्याला माहीत होती. त्यानं पागोटं काढलं आणि ढोलीला हात जोडले. "बाळंतिणीच्या घरावर कुऱ्हाड घातली, तर माझी आई मला उंबऱ्यात उभं करायची नाही," असं म्हणून तो आल्या वाटेनं परत गेला. जाता जाता भोपळ्याच्या मांडवाकडे मात्र त्यानं वळून वळून पाहिलं. भोपळे घागरीएवढे लटकले होते ना!

मग दुसऱ्यांदा आला कोतवाल. घोड्यावर बसून, मिशांना तूप लावून. "बाई, बाळंतपण मला सांगू नकोस. सव्वा महिना झाला, की झाड तोडायचं. कबूल?"

"कबूल," हौसा म्हणाली. "शेवटच्या बाळापासून सव्वा महिना मोजा."

"म्हणजे कधीपासून?"

"ते कसं सांगू? ती रोज बाळंत होते."

कोतवालाचं तोंड उघडंच राहिलं. "रोज?"

"रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. खोटं वाटत असेल तर कान लावून बघा."

कोतवालानं बुंध्याला कान लावला. आतून कशी गुणगुण! हजार बाळांना हजार मावश्या जोजवताहेत असं वाटलं. तो घाबरून मागे सरला. "माझ्या घरी एकच बाळंतपण झालं," तो म्हणाला, "तर मला महिनाभर कुणी धड भाकरी वाढली नाही." आणि घोडा वळवून तोही गेला.

हे कळलं, तेव्हा प्रधान लालबुंद झाला. "माशीला कसलं माहेर? आता मीच जातो! झाडही तोडतो आणि शेतही घेतो!"

इकडे राज्यात काय झालं होतं, ते ऐका. रान खरंच सतरंजीसारखं दिसत होतं. बहर आला. भोपळ्यांना फुलं, काकड्यांना फुलं, तेलाच्या कारळ्याचे तर डोंगरच्या डोंगर पिवळे. प्रधान गच्चीवरून बघून टाळ्या वाजवत होता. मग फुलं सुकली. भोपळे बोराएवढे झाले, पिवळे पडले आणि गळाले. काकड्या वाकड्या होऊन गळाल्या. कारळ्याच्या बोंडांत बघावं तर नुसता भुसा.

लोक दरबारात आले. प्रधान म्हणाला, हवा वाईट. लोक परत आले. मग म्हणाला, बी वाईट. लोक तिसऱ्यांदा आले. मग म्हणाला, शेतकरी वाईट. अशी माणसं असतात, बरं का. सगळं वाईट सापडतं त्यांना, आपलं डोकं सोडून.

आणि नेमकी तेव्हाच राजाची लेक माहेरी आली होती. तिला दिवस गेले होते आणि डोहाळे लागले होते भोपळ्याच्या घारग्यांचे. गरम घारगा आणि वर मध! राजानं स्वयंपाक्याला बाजारात धाडलं. भोपळा नाही. कोठारात धाडलं. भोपळा नाही. गावोगाव धाडलं. कुठेच नाही, आणि मध तर नाहीच नाही. लेक नुसती ताटावरून उठली. राजाचा जीव कासावीस झाला.

मग तो पहिला शिपाई धीर करून पुढे आला. "महाराज, मी एक मांडव पाहिलाय. गवळदऱ्यात."

राजानं पालखीची वाट पाहिली नाही. घोड्यावर बसला आणि निघाला.

पण त्याच्या आधी प्रधान तिथे पोचला होता. बरोबर लाकूडतोडे. त्यानं हुकूम केला, "घाला घाव!" लाकूडतोड्यांनी कुंकू पाहिलं आणि कुऱ्हाडी खाली ठेवल्या. "प्रधानजी, दुसरं काहीही सांगा." प्रधान चिडला. त्यानं स्वतःच कुऱ्हाड उचलली. जन्मात पहिल्यांदा धरली होती, तीही उलटी.

तशा ढोलीतून माश्या उसळल्या. काळा ढगच उठला म्हणा ना! प्रधानावर झेपावणार, तोच हौसा ओरडली, "मागे फिरा गं! डंख मारलात की तुम्हीच मराल. या माणसापायी माझी एकही पोर मरता कामा नये!"

आणि ढग फिरला. सगळ्या माश्या हौसाच्या अंगावर येऊन बसल्या. केसांवर, खांद्यांवर, हातांवर. तिला जसा काही सोन्याचा शालू नेसवला. हौसा जांभळीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हं, प्रधानजी. आता घाला घाव. आधी मला, मग झाडाला."

त्याच क्षणी राजा पोचला. पाहतो तर काय! सोन्याच्या शालूतली बाई, तिच्यासमोर कुऱ्हाड घेतलेला आपला प्रधान, आणि मागे मांडवाला घागरीएवढे भोपळे.

"काय चाललंय हे?" राजा म्हणाला. "झाडात कोण आहे?"

"माझी लेक आहे, महाराज. माहेरी आलीय बाळंतपणाला. तुमची पण आलीय म्हणतात ना? तिच्या डोक्यावरचं छप्पर कुणी काढायला आलं, तर तुम्ही काय कराल?"

राजा घोड्यावरून उतरला. प्रधानाच्या हातातली कुऱ्हाड त्यानं काढून घेतली.

मग राणीमाशी हौसाच्या खांद्यावरून बोलली. "राजा, फुलं तुझ्या राज्यात सगळीकडे आली. पण या फुलाची धूळ त्या फुलाला कोण नेणार? ती नेल्याशिवाय फळ धरत नाही. ते काम आमचं. तू झाडं तोडलीस, आमचं घर गेलं. आम्ही गेलो, तुझी फळं गेली."

राजानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "बाई, माझ्या लेकीला डोहाळे लागलेत. एक भोपळा मिळेल?"

हौसानं मांडवावरचा सगळ्यात मोठा भोपळा तोडून दिला, वर मधाचं गाडगं दिलं. "घेऊन जा, महाराज. पोटुशीचे डोहाळे अडवून मागणं मागणारी मी नव्हे. भांडण वेगळं. त्याला मी उद्या दरबारात येते."

आणि आली की! दुसऱ्या दिवशी भर दरबारात उभी राहिली. मागून धोंडू पदर ओढत म्हणत होता, "अगं, हळू बोल." ती कसली हळू बोलते!

"महाराज, जशी दवंडी पिटून झाडं तोडलीत, तशीच दवंडी पिटून सांगा, की चुकलो. ही पहिली गोष्ट. दुसरी, ज्यांची झाडं गेली त्यांना सरकारी बागेतून रोपं द्या, आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्या घरी धान्य पोचवा. आणि तिसरी, मधाचा भाव मध काढणारा सांगेल. आजवर प्रधानजी सांगायचे, आता मध्ये प्रधान नको."

राजा उठून उभा राहिला. "तिन्ही कबूल," तो म्हणाला. "आणि प्रधानजी, माश्या परत येईपर्यंत त्यांचं काम तुम्ही करायचं."

मग काय! रोज सकाळी फुलं उमलली, की प्रधान पागोटं सावरत भोपळ्याच्या वेलात शिरायचा. या फुलातली धूळ बोटावर घे, त्या फुलात लाव. पुन्हा घे, पुन्हा लाव. एक वाफा होईतो ऊन चढायचं आणि फुलं मिटायची. कंबर धरून तो मटकन बसायचा. बांधावरून बायाबापड्या विचारायच्या, "काय प्रधानजी, शेतातलं कळायला लागलं का?"

दिवस गेले, वर्षं गेली. बांधाबांधावर झाडं उभी राहिली. थंडीत फुलणारी, उन्हात फुलणारी, पावसाच्या तोंडावर फुलणारी. जांभळीतल्या राणीच्या लेकी वयात आल्या. मग गावोगावचे लोक मातीचं मडकं सारवून हौसाच्या दारी यायला लागले. "हौसाबाई, आमच्या घरी एक सून द्या."

हौसा ओसरीवर पाय पसरून बसायची आणि वधूपित्यासारखं विचारायची. "झाडं किती आहेत बांधावर? भर उन्हाळ्यात माझी पोर काय खाईल? जवळ पाणी आहे का? सासू मध सगळा ओरबाडणारी तर नाही ना?" उत्तर पटलं तर ओटी भरून लेक द्यायची. नाही पटलं तर म्हणायची, "झाडं लावा, मग या."

घराघरात मोहोळ नांदायला लागलं. कारळं दाण्यांनी भरलं, भोपळ्यांनी मांडव वाकले. गवळदऱ्याच्या मधाला लांबलांबचे व्यापारी यायचे, आणि भाव गवळदराच सांगायचा. धोंडूच्या घरावर कौलं चढली. शेत? शेत त्यांचंच राहिलं. कुणाची माय व्यायली होती ते घ्यायला!

आणि एके दिवशी, सगळ्यांच्या शेवटी, कोण आलं ओळखा. प्रधान! ऊन खाऊन काळा झालेला, हाताला घट्टे, काखेत सारवलेलं मडकं.

"हौसाबाई," तो म्हणाला, "मलाही एक लेक द्या."

हौसानं त्याला नीट न्याहाळलं. "झाडं किती आहेत बांधावर?"

प्रधान म्हणाला, "एकच. मीच लावलंय. अजून गुडघ्याएवढं आहे."

हौसा हसली. मडकं त्याच्याकडून घेतलं आणि ओसरीवर उपडं ठेवलं. "राहू दे इथे. तुमच्या झाडाला पहिलं फूल आलं, की न्यायला या. तोवर पाणी घाला."

आणि प्रधान पाणी घालायला गेला.

असे ते सगळे पोटभर जेवले, गोड खाल्लं, गोड राहिले. तुम्हीही राहा. आता कोण बोलतंय तिकडे? मिटा डोळे. अंधार पडला की माश्यासुद्धा घरात शिरून गप्प होतात.