दगडी मोरी आणि गोड बोलणारं गाव

फार पूर्वी बाली बेटावर, डोंगराच्या उतारावरच्या एका गावात सद्रा नावाचा एक घरं बांधणारा राहत होता. त्या बेटावर अशा कारागिराला उंडागी म्हणतात. या गावाचा मला राग येतो. सद्राचाही येतो, आणि तो तर माणूस म्हणून चांगला होता. का येतो ते ऐका.

घर बांधायचं ठरलं की सद्रा आधी घरधन्याला समोर उभं करायचा. त्याच्या पसरलेल्या हातांचं, पावलाचं, मुठीचं माप बांबूच्या काठीवर खुणांनी घ्यायचा आणि शेवटी एक बोट जास्त धरायचा. "हे बोट घराच्या जिवासाठी," असं म्हणायचा. मग त्या मापाने एका अंगणाभोवती लहान लहान घरं उभी राहायची. देवांची जागा डोंगराकडे, जिथे सूर्य उगवतो त्या कोपऱ्यात. चूल समुद्राच्या बाजूला. छपरं गवताची, आणि कुठलंच घर माडापेक्षा उंच नाही, म्हणजे वारा सगळ्यांच्या अंगणातून फिरायचा. डोंगरावरचं पाणीही असंच सगळ्यांचं होतं. पाटाने ते वरच्या शेतातून खालच्या शेतात उतरत अगदी शेवटच्या बांधापर्यंत पोचायचं.

गावात पुगेर नावाचा एक मसाल्याचा व्यापारी होता. बंदरावर त्याने परदेशी लोकांच्या तीनमजली दगडी इमारती पाहिल्या आणि तशीच एक आपल्यालाही हवी असं त्याच्या मनाने घेतलं. त्याची जागा गावाच्या वरच्या अंगाला होती. तिथूनच पाट गावात शिरत होता.

सद्रा काठी घेऊन त्याचं माप घ्यायला गेला, तेव्हा पुगेर हसला.

"माझ्या हातापायांचं माप कशाला? मला गच्चीवरून समुद्र दिसला पाहिजे. तेवढं उंच बांध."

"पण एवढ्या उंचीला चौथराही तेवढाच मोठा लागेल. तो पाटावर येतो."

"मग पाट दाब. खालून एक दगडी मोरी काढ. पाणी काय, जातंच!"

मोरी अरुंद होणार, हे सद्राला तिथेच कळलं. एवढ्या पाण्याला ती पुरणार नाही, हेही कळलं. तरी तो म्हणाला, "गावाला विचारतो."

गावाच्या सभामंडपात बैठक बसली. नुकत्याच झालेल्या उत्सवात पुगेरने सगळ्या गावाला जेवण दिलं होतं, देवळातली जुनी वाद्यं नवी करून दिली होती. त्यामुळे सगळे खाली मान घालून बसले.

तेवढ्यात रस्मिन उठली. ही एक विधवा बाई. तिचं शेत पाटाच्या अगदी शेवटी होतं.

"सद्राकाका, तुम्ही आयुष्यभर मापं घेतलीत. त्या मोरीतून शेवटपर्यंत पाणी येईल का? हो की नाही, एवढंच सांगा."

सगळ्यांनी सद्राकडे पाहिलं. सद्राने जमिनीकडे पाहिलं.

"घराचं माप मी बघेन," तो हळूच म्हणाला. "पाटाचं गावाने बघावं."

"ठाऊक असून गप्प बसता?" रस्मिन ओरडली. "आणि तुम्ही बाकीचे? एका जेवणासाठी पाणी सोडलंत! आपलंच पाणी!"

मुखिया म्हणाला, "रस्मिन, आवाज खाली घे. देवळापुढे राग शोभत नाही. पुगेर आपलाच माणूस आहे, समजुतीने घेऊ."

"पीक वाळलेलं शोभेल का?"

"शांत होईपर्यंत बाहेर जाऊन बस, बाई."

आणि तिला बाहेर बसवलं. जी एकटी खरं बोलत होती तिला बाहेर काढून मंडपातल्या लोकांनी एकमेकांना विडे दिले.

इमारत उभी राहिली. माडांच्या वर गेली. खालच्या चार अंगणांतला वारा बंद झाला आणि भिंतींना ओल धरली. पाटात निम्मंच पाणी उरलं. दाण्यात दूध भरायच्या वेळी रस्मिनचं भात पिवळं पडलं आणि लोंब्या पोकळ राहिल्या. पुढच्या महिन्यात तिच्या वरच्या शेताची तीच गत झाली, मग त्याच्याही वरच्या.

तेव्हा गावाने काय केलं असेल? फळांची टोपली घेऊन चार माणसं पुगेरकडे गेली. त्याने त्यांना बसायला चटया दिल्या, नारळाचं गोड पाणी दिलं, गच्चीवरून समुद्र दाखवला. "बघू, काहीतरी करू," म्हणाला. माणसं परत आली आणि सांगू लागली, "किती नम्रपणे बोलला हो!"

मग पावसाचे दिवस आले. एका सकाळी डोंगरावरून फांद्या, चिखल, दगड घेऊन पाणी आलं आणि मोरीच्या तोंडाशी अडकलं. मोरी तुंबली. पाणी चौथऱ्याला वळसा घालून गावात घुसलं, अंगणांतून, चुलींवरून, देवांच्या कोपऱ्यांतून गेलं. खांबांवर उभ्या भाताच्या कोठ्या एकामागून एक कलंडल्या. रस्मिनने उपाशी राहून पुढच्या पेरणीसाठी जपलेलं बियाणं कोठीसकट चिखलात गेलं.

तुम्हाला वाटेल, आता पुगेरची इमारत कोसळली असेल. नाही. ती जागची हललीसुद्धा नाही. पुगेर कोरड्या गच्चीवर उभा राहून खालचं पाणी पाहत होता.

सद्राने गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या रस्मिनला पाहिलं. ती रडत नव्हती. मुठीत चिखल धरून त्यातले दाणे निवडायचा प्रयत्न करत होती, आणि दाणे हाती लागत नव्हते. ते पाहून त्याच्या छातीत काहीतरी पेटलं. त्याला पुगेरचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. त्याने घरातून पहार आणली आणि भर पावसात वर चालू लागला. रस्मिनने ते पाहिलं. तिने कुदळ उचलली आणि त्याच्या मागे गेली.

चौथऱ्यावर पहारीचा पहिला घाव बसला तसा पुगेर धावत खाली आला.

"वेडा झालास? हे घर तूच बांधलंस ना?"

"हो, मीच बांधलं," सद्रा म्हणाला. "म्हणून तर कुठे फोडायचं ते मला नेमकं ठाऊक आहे."

"मुखिया! याला आवरा!"

मुखिया चिखलातून धापा टाकत आला. "सद्रा, राग आवर. बसून बोलू."

रस्मिन त्याच्याकडे वळली. "बसायला तुमच्याकडे कोरडी जागा उरली आहे का?"

मुखियाने खाली पाहिलं. त्याच्या स्वतःच्या कोठीचं छप्पर पाण्यावरून वाहत जात होतं. मागून लोक येत होते, कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात नुसती मोळीची काठी. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या गावात मोठमोठ्याने बोलणं झालं. एक म्हातारी तर पुगेरच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली, "तुझ्या बारशाला मी जेवले होते, आणि तू माझी चूल बुडवलीस!"

दुपारपर्यंत चौथऱ्याचा पाटावरचा भाग फुटला. पाणी मोकळं झालं आणि गर्जत आपल्या वाटेला लागलं. आधार गेलेली मागची भिंत तडकली. वरचे दोन मजले उतरवावे लागले, ते पुगेरला गावासमोर उतरवावे लागले, आणि त्याच दगडांनी पाटाचे काठ बांधले गेले. पुगेरला शेवटी सगळ्यांसारखं घर मिळालं. माप सद्रानेच घेतलं, एक बोट जास्त धरून.

मग सद्रा रस्मिनकडे गेला. अंगणात उभा राहून म्हणाला, "पोरी, माझं चुकलं. मला माहीत होतं."

रस्मिन मोडक्या कोठीचे खांब गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमच्या चुकण्याने माझं बियाणं परत येत नाही, काका."

"मी माझ्या बियाण्यातलं अर्धं आणलंय."

"ठेवा तिथे." मग एका खांबाला हात घालत ती म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. मनात नसलेलं गोड बोलणं या गावात फार झालं. हा खांब जड आहे, त्या बाजूने धरा."

सद्राने खांब धरला. दोघांनी मिळून संध्याकाळ होईपर्यंत कोठी उभी केली.

तात्पर्य: सगळ्यांच्या वाट्याचं कुणी एकटा अडवतो, तेव्हा शांत राहणारे लोक सभ्य नसतात, त्याचे भागीदार असतात, अशा वेळी ज्याला राग येतो त्याला बाहेर बसवू नका, त्याच्या शेजारी उभे राहा.