कागदाएवढे अंतर

एकदा एका वृद्ध काचकारागिराने, गिऱ्हाईक समोर असताना, आपल्याच शिष्याने मेहनतीने बसवलेले यंत्र सैल करून टाकले. गिऱ्हाइकाला वाटले, म्हाताऱ्याचे चित्त ठिकाणावर नाही. शिष्यालाही क्षणभर तसेच वाटले. ते असे का वागले, हे सांगण्याआधी त्या गुरुशिष्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे.

वृद्ध कारागीर रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून खिडक्या करीत. सगळे त्यांना नाना म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. शिष्य म्हणायचे ते केवळ रिवाज म्हणून. त्याच्याही कानांवरचे केस पांढरे झाले होते आणि तेवीस वर्षे त्याने या एकाच कार्यशाळेत काढली होती. कामात तो तरबेज होता. मनानेही चांगला होता, आणि या गोष्टीतली सगळी अडचण त्या चांगुलपणातूनच निर्माण झाली.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला. शिष्य घाबरला. काचेचे काम, हात थरथरतो, काही झाले तर? त्याने एकेक काम त्यांच्या हातून काढून घेतले. आधी काच उचलणे. मग हिरकणीने काच कापणे. मग शिशाच्या पट्ट्यांचे सांधे डाख देऊन जोडणे. शेवटी शेवटी नाना फडके घेऊन बाके पुसत, तेही. प्रत्येक वेळी तो मनापासून म्हणे, "नाना, तुम्ही बसा." गावात त्याच्या गुरुसेवेचे कौतुक होते आणि ते खोटे नव्हते. नाना बसत. खुर्ची चांगली होती, तिच्यावर मऊ उशी होती. पण बसून बसून माणूस कंटाळतो, हे सेवा करणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो स्वतः उभा असतो.

एके दिवशी कापडाचा एक व्यापारी आला. त्याच्या घराच्या दारावर एक अर्धगोल खिडकी होती आणि तिच्यात काचेचा मोर होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तो नानांनीच केला होता. घराला रंग देताना रंगाऱ्याची शिडी घसरली आणि मोराची मान फुटली.

"मोर आहे, मान नाही," व्यापारी म्हणाला. "येणारा-जाणारा आधी तिकडेच बघतो. परवा व्याही आले होते. म्हणाले, बदक छान आहे. आता काय बोलायचं सांगा!"

नाना हसले. मग उठून त्यांनी आपली जुनी पेटी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळहाताएवढा एक निळा तुकडा बाहेर काढला. ही निळी काच ज्या भट्टीत होत असे, ती बंद पडून वीस वर्षे झाली होती. तो निळा रंग पुढे कुणाला साधला नाही. त्या रंगाचा हा शेवटचा तुकडा, आणि त्यातून निघाली तर एकच मान निघणार होती.

"ही मान पहिल्यांदा मी कापली होती," नाना म्हणाले. "आताही मीच कापीन."

"बघू, नाना," शिष्य म्हणाला.

या 'बघू'चा अर्थ घरोघरच्या म्हाताऱ्यांना पाठ असतो. नानांना तो कळला आणि त्यांना वाईट वाटले. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. शिष्याने ते पाहिले आणि दुसरीकडे बघितले.

मोराची मान दोन्ही अंगांनी वळलेली. अशी खोल आतली वळणे हिरकणीने निघत नाहीत. काच सरळ तडकून जाते. त्यासाठी बँडसॉ लागतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा जसा दोन चाकांवरून फिरतो, तशी या यंत्रात एक अरुंद पोलादी पट्टी वरच्या आणि खालच्या चाकावरून फिरत असते. तिला दात नसतात. तिच्या कडेवर हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते आणि ती काचेला कापत नाही, हळूहळू झिजवत जाते. वरून सतत पाणी पडत राहावे लागते. पट्टी डावी-उजवीकडे ढळू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीशी छोटी चाके बसवलेली असतात. त्यांना गाइड म्हणतात.

शिष्याने चार दिवस त्या यंत्रावर घालवले. साध्या काचेवर मानेचा आकार काढून तो कापून बघे. पट्टी रेघ सोडून जाई. मग तो गाइड थोडे आवळी. काप सुधारे, पण थोड्या वेळाने यंत्र किंचाळू लागे आणि पट्टी तुटे. तो नवी पट्टी चढवी, ती पुन्हा ढळे, आणि तो गाइड आणखी आवळी. अशा तीन पट्ट्या गेल्या. नाना खुर्चीतून पाहत होते. त्यांना कोणी विचारले नाही आणि तेही बोलले नाहीत. न विचारता सल्ला देण्याची सवय त्यांना नव्हती, आणि खरे सांगायचे तर ते थोडे रुसलेही होते.

ठरलेल्या दुपारी व्यापारी हजर झाला. आपल्या मोराची मान आपल्या डोळ्यांसमोर कापली जावी, अशी त्याची इच्छा होती. शिष्याने निळ्या काचेवर आकार रेखला, पाण्याने रेघ धुऊन जाऊ नये म्हणून वर मेण चोळले आणि तुकडा बाजूला ठेवला. आधी साध्या काचेवर शेवटची चाचणी. यंत्र सुरू झाले. दोन मिनिटे ठीक चालले, मग त्या किंचाळण्याला सुरुवात झाली, आणि फटाका फुटावा तसा आवाज होऊन चौथी पट्टी तुटली. व्यापारी स्टुलावरून उठून थेट दारापर्यंत गेला.

आता एकच पट्टी उरली होती. शिष्याने घाम पुसला, ती चढवली आणि चावी घेऊन गाइड आवळायला लागला. त्याचा जबडा घट्ट मिटलेला होता. यावेळी तो पट्टीला केसभरही हलू देणार नव्हता.

"थांब," नाना म्हणाले. ते उठून यंत्रापाशी आले. "चावी दे."

"नाना, तुम्ही बसा ना. होईल."

"चावी दे म्हटलं ना."

शिष्याने चावी दिली. नानांनी थरथरत्या हाताने ती एकेका गाइडला लावली आणि सगळे गाइड सैल केले. नुसते सैल नव्हे, पट्टीपासून बोटभर दूर नेले. पट्टी आता दोन चाकांच्या मध्ये एकटी उभी राहिली. तिला आधार म्हणून कशाचाही स्पर्श नव्हता.

"अहो नाना, हे काय करताय!" व्यापारी दारातून ओरडला. "आवळलेली राहत नाही, ती मोकळी कशी राहील?"

शिष्याचा चेहराही तेच विचारत होता.

नानांनी वीज बंद असल्याची खात्री केली आणि वरचे चाक हाताने सावकाश फिरवायला सुरुवात केली. एक फेरा, दोन फेरे. पट्टी चाकाच्या मध्यावरून हळूहळू पुढच्या काठाकडे सरकत होती. ते शिष्याला प्रथमच दिसले. नानांनी पट्टीचा ताण बदलणारा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, मग वरच्या चाकाच्या पाठीमागचा स्क्रू जरासा वळवून चाक किंचित मागे झुकवले. पुन्हा फिरवले. सहा-सात वेळा असे केल्यावर पट्टी चाकाच्या मध्यावर आली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी वीज सुरू केली. एकटी पट्टी धावू लागली. किंचाळणे नाही, ढळणे नाही. पंखा चालू असावा तेवढाच आवाज.

यंत्र थांबवून नानांनी खणातून पतंगाचा कागद काढला. त्याचा एक चिटोरा पट्टी आणि गाइडच्या मध्ये धरून त्यांनी गाइड कागदाला टेकेपर्यंत आणला, स्क्रू पक्का केला आणि कागद ओढून घेतला. सगळ्या गाइडना तसेच केले. आता गाइड पट्टीच्या अगदी जवळ होते, आणि एकही तिला शिवत नव्हता.

साधी काच लावली. काप रेघेवरून गेला.

शिष्याने तो तुकडा उचलून रेघेशी ताडून पाहिला. "नाना, मग गाइड आहेत कशाला? ते तर लागतच नाहीत."

"लागतात. पट्टी ढळली की लागतात. ढळली नाही, तर त्यांनी गप्प उभं राहायचं." नानांनी चावी बाकावर ठेवली. "तू त्यांना चोवीस तास पट्टीला चिकटवून ठेवलंस. घासून घासून ती तापली आणि तुटली. तुला वाटलं पट्टी वाईट. अरे, चार पट्ट्या वाईट कशा निघतील? आणि दुसरं असं की तू घट्ट धरलीस म्हणून तिचं खरं दुखणं तुला दिसलंच नाही. चाक वाकडं होतं. मोकळी सोडली तेव्हा दिसलं. ती स्वतःहून किती सरळ धावते, हे आधी बघायचं असतं. आधार त्यानंतर द्यायचा. तोही कागदाएवढं अंतर ठेवून."

एवढे बोलून नानांनी हात पुसले आणि ते पुन्हा जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

निळी काच बाकावरच होती. नानांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. यंत्र नीट लागले होते, पट्टी सरळ धावणार होती, शिष्याने आता काच उचलायची आणि कापायची, एवढेच उरले होते. व्यापारी स्टुलावर परत येऊन बसला. "चला, सुरू करा," तो शिष्याला म्हणाला.

शिष्याने काच उचलली. यंत्रापर्यंत गेला. आणि तिथे थांबला. खुर्चीत बसलेल्या माणसाकडे त्याने पाहिले. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. दोन वर्षे तो ती थरथर पाहत आला होता. पण तो हात काचेवर टेकला म्हणजे किती थरथरतो, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. पाहण्याची वेळच त्याने येऊ दिली नव्हती. त्याला एकदम फार लाज वाटली.

तो खुर्चीपाशी गेला. "नाना, उठा," तो म्हणाला. "मान तुम्ही कापायची आहे."

"फुटली तर?"

"तर मोर बदकच राहील."

"अहो, अहो!" व्यापारी पुन्हा उभा राहिला. "एकच तुकडा आहे म्हणालात ना? मग यांच्या हातात कशाला? मी म्हणजे, नानांबद्दल मला आदर आहे, पण..."

"शेठ, काच नानांची आहे," शिष्य म्हणाला. "पहिली मानही त्यांचीच होती. आज तुम्ही जरा बसा."

नाना उठले. चष्मा पुसून चढवला. पाणी सुरू झाले, यंत्र सुरू झाले. हवेत असताना काच थरथरत होती. यंत्राच्या पाटावर ती टेकली, नानांनी दोन्ही तळवे तिच्यावर पालथे ठेवले आणि थरथर जवळजवळ थांबली. काच पुढे सरकू लागली. ते ढकलत नव्हते. पट्टी जेवढी घेईल तेवढीच तिला देत होते. काचेच्या भुकटीने पांढरे झालेले पाणी पाटावरून ओघळत होते. शिष्य त्यांच्या उजवीकडे उभा होता. त्याचे हात पाटाच्या कडेशी, त्यांच्या हातांजवळ होते.

बाहेरचे वळण झाले. मग आतले, खोल वळण आले. तिथे काच फिरवताना नानांचा एक तळवा काचेवरून उचलला गेला, आणि हाताला झटका बसला. काचेचे टोक वर उठले. शिष्याने एक बोट काचेखाली धरले. त्याच्या आधाराने टोक अलगद पाटावर आले. नानांचा तळवा पुन्हा टेकला. शिष्याने बोट काढून घेतले.

उरलेले वळण बराच वेळ चालले. व्यापाऱ्याने डोळे मिटून घेतले होते. अखेर निळा तुकडा सुटून पाण्यात पडला.

नानांनी तो उजेडात धरला. एका कडेला तिळाएवढा टवका गेला होता, त्यावर त्यांनी अंगठा फिरवला. "हा शिशाच्या पट्टीखाली जाईल," ते म्हणाले. मग शिष्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "किती वेळा हात लावलास?"

"एकदा."

"हं. तेवढाच लागत होता."

पुढे कित्येक वर्षे हा शिष्य नवशिक्यांना बँडसॉ लावायला शिकवीत असे. पतंगाच्या कागदाचे सांगून झाले की तो त्या दुपारची हकीकतही सांगे. त्यात तो एक गोष्ट नेहमी कबूल करी. काचेखाली बोट घालायला त्याला काहीच कष्ट पडले नव्हते. ते आपोआप गेले. पण काच सावरल्यावर, वळण अजून अर्धे बाकी असताना, ते बोट मागे घेण्यासाठी त्याला मनाचे सगळे बळ एकवटावे लागले होते.