खालची टाकी

"...मग नायट्रेट उतरत का नाही, सर?"

तोरसकर सर अजून बसलेही नव्हते. निरंजनने त्यांना एस.टी. स्टँडवरून आणून थेट घरातल्या काचेच्या टाकीसमोर उभं केलं होतं.

"चहा तरी विचार रे," सर म्हणाले आणि वाकून पाहू लागले.

बाहेर रत्नागिरीचा मे महिना. टाकीत थंड समुद्राचं पाणी, चिलरने बारा अंशांवर धरलेलं. तांबड्या समुद्रशेवाळाचं दाट रान. मधल्या दगडावर त्याच्या बायकोने, मृण्मयीने, वाढवलेलं समुद्रफूल, फुलासारखा उमलणारा समुद्रजीव. पूर्वी ते ताटलीएवढं उमलायचं. पाण्यात नायट्रेट वाढल्यापासून मुठीसारखं मिटून बसलं होतं.

मृण्मयी वारली त्याला वर्ष झालं होतं. दोघंही सरांचेच विद्यार्थी. हे फूल तरी जगावं, एवढंच निरंजनला हवं होतं.

त्याने केलेलं सगळं सांगितलं. प्रकाश वाढवला, खाणं निम्म्यावर आणलं, पाणी बदलत राहिला. शेवाळ नायट्रेट शोषून घेतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याचा प्रबंधच त्यावर होता. त्याने चाचणीची नळी पुढे धरली. पाणी गडद लाल, म्हणजे नायट्रेट खूप.

"प्रबंध चांगला होता," सर म्हणाले. "शेवटचं प्रकरण तेवढं घाईत उरकलंस."

निरंजनला ते आवडलं नाही.

"शेवाळ कापतोस ना?"

"दर रविवारी."

"कापलेलं काय करतोस?"



निरंजनने टाकीखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत दुसरी टाकी होती. वरचं पाणी नळीने तिच्यात उतरत होतं आणि पंपाने पुन्हा वर चढत होतं. तिच्यावरही त्याने एक दिवा लावला होता. त्या उजेडात वर्षभर कापलेलं शेवाळ ठासून भरलेलं दिसलं. वरचा थर तांबडा. खाली पांढुरकं, लिबलिबीत.

"तिने लावलं होतं, सर. टाकवलं नाही..."

सरांनी बाही वर सारली. थंड पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक मूठ वर काढली. कुजका वास खोलीभर पसरला.

निरंजनने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने पुन्हा वळवलं.

सरांनी ती मूठ त्याच्या ओंजळीत ठेवली. "हे कुजतंय तसं शोषलेलं नायट्रेट परत पाण्यात सोडतंय."

"हे टाकलं तर तिचं काय उरलं?" निरंजनने विचारलं.

सरांनी ओल्या बोटाने वरच्या टाकीतला दगड दाखवला. रविवारी कापलेल्या देठांना बारीक तांबडे कोंब आले होते.

निरंजन पाहत राहिला. ओंजळीतून पाणी ठिबकत होतं...

"मग हे कुठे ठेवू, सर?"

सर पंच्याने हात पुसत होते.

"हे पाणी पोचणार नाही, तिथे."