तुरुंगाच्या खिडकीपाशी घेतलेला उखाणा

फार जुन्या काळी एका डोंगरी राज्यात बांगड्या विकणारं एक जोडपं राहत होतं. एकदा त्यांची गाढवं राजाच्या स्वारीला आडवी आली. गाढवांना शिक्षा करता येईना, म्हणून नवऱ्याला हिवाळाभर गढीच्या तुरुंगात टाकलं.

तुरुंगाच्या भिंतींना ओल होती आणि थंडी कडाक्याची. कैद्याला घोंगडी हवी तर ती आतल्या दुकानातूनच विकत घ्यावी लागे. नवरा खोकतोय असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा बायकोने होते तेवढे पैसे पदराला बांधले आणि गढी गाठली.

खिडकीत एक म्हातारा कारकून बसला होता. बायकोच्या मागे इतर बायकांची रांग होती.

"कैद्याचं नाव?" कारकुनाने विचारलं.

बायको लाजली. नवऱ्याचं नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं. "आमचे घरधनी," ती पुटपुटली.

"बाई, आत सगळे कुणाचे ना कुणाचे घरधनीच आहेत. नाव, बापाचं नाव, गाव. तिन्ही सांगा."

नवऱ्याचं नाव, वर सासऱ्याचंही! ती कानकोंडी होऊन बाजूला झाली.

तेवढ्यात भरजरी पागोट्याचा एक गृहस्थ जवळ आला. "ताई, त्या म्हाताऱ्याचा चौकशीचा सोस जुना आहे. पैसे माझ्याकडे द्या. आत माझी रोजची ये-जा. मी नावबिव काही विचारत नाही."

तिला हायसं वाटलं. तिने पदराची गाठ सोडली. पैसे त्याच्या हातावर ठेवणार, तोच तिच्या मनात आलं: हात बघितल्याशिवाय मी कुणाला बांगडीसुद्धा भरत नाही. आणि हा?

"दादा, नाव माहीत नाही, तर देणार कुणाला?"

"तुमच्या घरधन्याला. आणा लवकर, दार बंद होईल."

तिने मूठ मिटली आणि तडक खिडकीपाशी गेली. पण नाव घ्यायच्या वेळी पुन्हा अडली.

"अगं, लग्नात घेतला होतास तसा घे की उखाणा," रांगेतली एक आजी म्हणाली. "इथे कोण परकं आहे?"

बायकोने पदर सावरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"तुरुंगाच्या खिडकीला लोखंडाचे गज,
धोंडजींचे पुत्र सुभानजी, घोंगडी घ्या आज."

सारी रांग हसली. कारकूनही मिशीत हसला. "गाव यमकात बसलं नाही वाटतं? ते साधंच सांगा. सुभानजी तिघे आहेत आत. परवा एकाचे पैसे दुसऱ्याला गेले आणि त्याने गूळ खाऊन संपवले."

तिने गाव सांगितलं. नवरा घोरतो आणि वांगं खात नाही, हेही सांगितलं.

"एवढं नको," कारकून म्हणाला आणि त्याने पैसे आत धाडले.

थोड्या वेळाने नवऱ्याच्या अंगठ्याची पोच बाहेर आली. पाठोपाठ भिंतीपलीकडून एक उखाणा ऐकू आला. यमक साफ चुकलं होतं, पण त्यात तिचं नाव होतं आणि आवाज घोंगडीतून येत होता.

पुढे त्या खिडकीपाशी उखाण्यांची रीतच पडली. पागोटेवाल्याला मात्र जो तो विचारू लागला, "कुणाला देणार ते सांगा आधी." चार दिवसांत तो गाव सोडून गेला.

तात्पर्य: पैसे कुणाला पोचवायचे हे जो विचारत नाही, त्याला ते पोचवायचेच नसतात.